चाल सर्वांची, खर्च कोणाचा?

बुद्धिबळ हा बघायचा खेळ आहे, असे तीस-चाळीस वर्षांपूर्वी कोणी म्हटले असते तर ऐकणाऱ्यांनी ते हसण्यावारी नेले असते. दोन माणसे समोरासमोर बसतात, वीस-वीस मिनिटे कोणी हलत नाही, आणि हललेच तर एक प्यादे एक घर पुढे सरकते. त्यात बघण्यासारखे ते काय? पण २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बाटुमी शहरात नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत कोनेरू हम्पीविरुद्ध टायब्रेकचे डाव खेळत होती, तेव्हा महाराष्ट्रातल्या अनेक घरांत माणसे पडद्याकडे डोळे लावून बसली होती. ज्यांना घोड्याची अडीच घरे मोजतानाही अडखळायला होते, तेसुद्धा समालोचकाच्या आवाजाच्या चढउतारावरून डाव कुठे चालला आहे ते ओळखत होते. दिव्या जिंकली, आईच्या गळ्यात पडून रडली, आणि ते सारे आपण घरबसल्या पाहिले.

या पाहण्यासाठी आपण काय मोजले? काहीच नाही. तिकीट नाही, वर्गणी नाही. मोबाइल उघडला आणि डाव समोर आला. फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत विचारण्याची आपल्याला सवय नसते. पण बाटुमीतल्या त्या पटापासून आपल्या दिवाणखान्यापर्यंत चाल येते, ती कोणीतरी आणलेली असते आणि त्याचे पैसे कोणीतरी भरलेले असतात. ते कोण भरतो, का भरतो आणि किती दिवस भरेल, हा प्रश्न केवळ संयोजकांचा नाही. ज्यांची मुले-मुली आज बुद्धिबळाच्या वर्गाला जातात, त्या प्रत्येक घराचा तो प्रश्न आहे.

या प्रश्नाचे मूळ बरेच जुने आहे. १९७२ साली आइसलंडमधल्या रेक्याविक येथे बॉबी फिशर आणि बोरिस स्पास्की यांच्यातली जगज्जेतेपदाची लढत झाली. तिच्या चित्रीकरणाचे हक्क चेस्टर फॉक्स या अमेरिकन निर्मात्याने घेतले होते आणि त्या उत्पन्नावर संयोजकांची बरीच भिस्त होती. त्याआधी, फिशर येतो की नाही अशी स्थिती असताना, जिम स्लेटर या ब्रिटिश धनिकाने स्वतःचे ५० हजार पौंड घालून बक्षिसाची रक्कम दुप्पट केली होती. फिशर आला, पण कॅमेऱ्यांचा त्रास होतो म्हणून दुसऱ्या डावाला बसलाच नाही. तो डाव त्याने गमावला, आणि तिसरा डाव प्रेक्षकांपासून व कॅमेऱ्यांपासून दूर, मागच्या एका खोलीत खेळवावा लागला. चित्रीकरणाचा सगळा बेत कोलमडला आणि पुढे फॉक्सने फिशरवर दावाही लावला.

आता त्याच लढतीची दुसरी बाजू पाहा. अमेरिकेतल्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर शेल्बी लायमन हा बुद्धिबळाचा शिक्षक भिंतीवरच्या मोठ्या पटासमोर उभा राहत असे. रेक्याविकहून चाल आली की घंटी वाजे, लायमन सोंगटी हलवी आणि पुढची चाल येईपर्यंत पाहुण्यांशी बोलत राही. खेळाडूंचे जिवंत चित्र नाही, सजावट नाही, हाताशी आहे तो एक पट आणि एक बोलका माणूस. तरीही हा कार्यक्रम तुफान लोकप्रिय झाला. पैसा ओतून केलेले चित्रीकरण फसले आणि साध्या पटावरचे समजावून सांगणे लोकांनी उचलून धरले, यातला धडा आजच्या संयोजकांनीही विसरू नये.

आपल्याकडे त्या काळात काय होते? 'नवाकाळ'चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी, यांनी १९७४ पासूनच्या पहिल्या दहा वर्षांतली महिलांची राष्ट्रीय अजिंक्यपदे आपसांतच वाटून घेतली. एका मराठी घरातली ही कामगिरी. पण त्यांचा डाव घडत असताना तो पाहण्याची सोय महाराष्ट्राला नव्हती. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात निकाल यायचा, आणि फार तर चालींचा एक चौकोन. हौशी माणूस तो कापून वहीत चिकटवी आणि रात्री पट मांडून बसे. खाडिलकर भगिनींची गुणवत्ता कमी नव्हती. ती पोहोचवणारा रस्ता अरुंद होता.

आता रस्ता रुंद झाला आहे, पण त्यावर जकात कोणी बसवायची हा वाद मिटलेला नाही. चाल ही कोणाची मालमत्ता? २०१६ साली न्यूयॉर्कमध्ये कार्लसन आणि कर्याकिन यांची जगज्जेतेपदाची लढत भरवणाऱ्या अगॉन या कंपनीने इतर संकेतस्थळांना चाली दाखवण्यास बंदी करावी म्हणून तिथल्या न्यायालयात धाव घेतली. आम्ही सभागृह घेतले, आम्ही बक्षिसे दिली, मग इतरांनी आमच्या चाली आयत्या का दाखवाव्यात, असा तिचा सवाल होता. न्यायालयाने मनाई हुकूम दिला नाही. पटावर झालेली चाल ही घडलेली गोष्ट आहे. ती बातमीसारखी सर्वांची आहे, असाच त्याचा अर्थ. १९९७ साली बास्केटबॉलच्या गुणसंख्येविषयी अमेरिकेतल्या न्यायालयाने हाच मार्ग घेतला होता.

हा निकाल प्रेक्षकांच्या दृष्टीने चांगलाच झाला. पण त्यामुळे संयोजकाची अडचण संपत नाही. क्रिकेटचे चित्र दाखवण्याचा हक्क विकता येतो, कारण चित्राशिवाय क्रिकेट उरत नाही. बुद्धिबळाचा डाव मात्र पन्नास-साठ चालींच्या यादीत पूर्ण मावतो, आणि ती यादी कोणीही उचलू शकतो. विकण्यासारखे उरते ते एवढेच: खेळाडूचा चेहरा, पटाशेजारचे वातावरण, आणि जाणकाराने केलेले विवेचन. म्हणजे मोल आहे ते माणसांच्या कष्टांना, आणि नेमका तोच सर्वांत खर्चिक भाग आहे.

हे कष्ट कसले, तेही समजून घेतले पाहिजे. मोठ्या स्पर्धेतला पट साधा दिसला तरी त्याच्या पोटात संवेदक असतात. कोणती सोंगटी कोणत्या घरातून उचलली आणि कुठे ठेवली, हे तो तारेने शेजारच्या संगणकाला कळवतो. हॉलंडमधली डीजीटी कंपनी असे पट बनवते. साध्या लाकडी पटाच्या कित्येक पट त्यांची किंमत. डाव संपल्यावर दोन्ही राजे पटाच्या मध्यावर ठेवण्याची पद्धत आपण पाहतो. पांढरा जिंकला तर मधल्या पांढऱ्या घरांत, काळा जिंकला तर मधल्या काळ्या घरांत, म्हणजे संगणकाला निकाल कळतो. घाईच्या डावात सोंगट्या पडतात, पट गोंधळतो, मग कोणीतरी बसून चाली दुरुस्त करतो. कॅमेरे, ध्वनी, दिवे, दोन वेगवेगळ्या इंटरनेट जोडण्या, वीज गेली तर जनरेटर, आणि पाच-सहा तास न कंटाळता बोलणारे दोन जाणकार. शिवाय फसवणुकीची भीती. २०२२च्या सप्टेंबरात सेंट लुईस येथील सिंकफिल्ड चषकातून मॅग्नस कार्लसनने अचानक माघार घेतल्यावर तिथले प्रक्षेपण पंधरा मिनिटे उशिराने दाखवण्यास सुरुवात झाली, ती बाहेरून कोणी खेळाडूला मदत पोहोचवू नये म्हणून.

यातला एखादा धागा तुटला तर काय होते, ते २०२० साली दिसले. टाळेबंदीत भरलेल्या ऑनलाइन ऑलिंपियाडच्या अंतिम फेरीत भारत आणि रशिया समोरासमोर होते. नाशिकचा विदित गुजराथी आपला कर्णधार होता. ऐन वेळी जागतिक पातळीवर इंटरनेट कोलमडले आणि निहाल सरीन व दिव्या देशमुख यांचे डाव जोडणी तुटल्याने वेळेवर हरले गेले. अखेर जागतिक संघटनेने दोन्ही देशांना सुवर्णपदक दिले. तिथे पटच इंटरनेटवर होता हे खरे. पण तारेवरच्या व्यवस्थेला दुय्यम समजणाऱ्याने हा प्रसंग आठवावा.

मग हा खर्च जगात कोण करतो? सर्वसाधारणपणे चार प्रकारची माणसे. पहिले सरकार. २०१३ साली चेन्नईत आनंद आणि कार्लसन यांची लढत झाली ती तमिळनाडू सरकारच्या पाठबळावर. नॉर्वेत ती दाखवली सार्वजनिक वाहिनी एनआरकेने, जी त्या काळी घरोघरच्या परवाना शुल्कावर चाले. २०२२ साली रशियातून हलवलेले ऑलिंपियाड तमिळनाडूनेच मामल्लपुरमला भरवले. त्या राज्यातून गुकेश, प्रज्ञानंद, वैशाली असे खेळाडू निघाले ते एका प्रक्षेपणामुळे नव्हे. तिथे वर्गांची आणि शिक्षकांची जुनी परंपरा आहे. पण राज्याने हा खेळ दाखवण्यासारखा मानला, याचा परिणाम घरांवर होतोच.

दुसरा आश्रयदाता. सेंट लुईसमध्ये रेक्स सिंकफिल्ड या धनिकाने २००८ साली क्लब उघडला. तिथले तासन्‌तास चालणारे विवेचन जगाला फुकट ऐकायला मिळते. तिसरी कंपनी. हॉलंडमधल्या वाइक आन झी गावची स्पर्धा १९३८ पासून तिथल्या पोलाद कारखान्याच्या आधारावर उभी आहे. कारखान्याचे मालक बदलले, आज तो टाटांचा आहे, पण स्पर्धा चालू आहे. जगातल्या पहिल्या दहांतले खेळाडू आणि गावातले हौशी एकाच सभागृहात खेळतात. आणि चौथा, आपण सर्व, म्हणजे प्रेक्षक. थिबो ड्युप्लेसी या फ्रेंच तरुणाने २०१० साली सुरू केलेले लिचेस हे संकेतस्थळ जाहिरात घेत नाही, शुल्क घेत नाही, आणि आपला खर्च उघडपणे मांडून केवळ देणग्यांवर चालते.

या चौघांपैकी कोणा एकावर विसंबले की काय होते, याचीही उदाहरणे आहेत. जागतिक संघटनेने रशियन गॅस कंपनीच्या पैशावर बरीच वर्षे भिस्त ठेवली. २०२२ साली युक्रेनवर आक्रमण झाले आणि ते नाते तोडावे लागले. चेस-ट्वेंटीफोर हे रसिकांचे आवडते संकेतस्थळ एका कंपनीने घेतले, ती कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीने घेतली, आणि २०२४च्या सुरुवातीला ते संकेतस्थळ बंद झाले. आपल्याकडे तर आणखी एक मोह होता. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांच्या कंपन्या सढळ हाताने प्रायोजकत्व देत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून अशा खेळांना आणि त्यांच्या जाहिरातींना बंदी घातली, आणि भारतीय क्रिकेट संघाच्या अंगावरचे नावसुद्धा रातोरात उतरले. क्रिकेटला दुसरा प्रायोजक मिळण्यास अडचण नसते. लहान खेळाचे तसे नाही. आणि जो खेळ आपण मुलांना विचार करायला शिकावे म्हणून देतो, त्याचे दिवे जुगाराच्या पैशावर लागू नयेत, हे कायद्याने सांगण्याआधीच आपल्याला उमजायला हवे होते.

प्रेक्षकांच्या बळावर काय होऊ शकते, ते टाळेबंदीत दिसले. समय रैना या विनोदकाराने २०२० साली बुद्धिबळ खेळता खेळता गप्पांची मैफल सुरू केली. विदित गुजराथीसारखा ग्रँडमास्टर त्यात हसतखेळत सामील झाला, आणि ज्यांनी कधी पट उघडला नव्हता अशी तरुण मुले रात्र रात्र पाहू लागली. सागर शाह आणि अमृता मोकल या दांपत्याच्या चेसबेस इंडियाने स्पर्धास्थळी जाऊन खेळाडू, त्यांचे आईवडील, त्यांचे शिक्षक लोकांसमोर आणले. यूट्यूबवर असे पाहताना पैसे पाठवण्याची सोय असते, तिला सुपरचॅट म्हणतात. आपल्याला ती काही नवी नाही. कीर्तन रंगले की आरतीचे तबक फिरते, ज्याला जमेल तसे तो टाकतो, ज्याच्याजवळ नसेल तो नुसता हात जोडतो, पण कथा सर्वांनी ऐकलेली असते. फरक एवढाच, की या तबकातल्या रुपयातले तीस पैसे यूट्यूब आधी काढून घेते.

तबकाला एक मर्यादाही आहे. ज्याच्याभोवती आधीच गर्दी आहे त्याच्याच तबकात नाणी पडतात. कीर्तनकार प्रसिद्ध तर तबक भरते, नवखा तर रिकामे परत येते. प्रक्षेपणाचेही तेच. मोठ्या नावांचे डाव दहा ठिकाणी दिसतात, आणि एखाद्या जिल्ह्याच्या गावी मंगल कार्यालयात भरलेल्या स्पर्धेचा एकही डाव कुठे दिसत नाही. खरी गोम इथे आहे. प्रायोजक विचारतो, 'ही मुलगी कोण? हिचा खेळ कोणी पाहिला आहे?' पाहिला नाही म्हणून पैसे नाहीत, पैसे नाहीत म्हणून परदेशी स्पर्धा नाही, स्पर्धा नाही म्हणून नाव नाही, आणि नाव नाही म्हणून कोणी पाहत नाही. या चक्रातून बाहेर पडायला आज बहुतेक घरांत आईवडिलांची शिल्लक लागते. ज्यांच्याजवळ ती नसते, त्यांची मुले दहावीच्या आसपास गुपचूप पट गुंडाळून ठेवतात.

म्हणून माझे म्हणणे असे, की थेट प्रक्षेपण ही स्पर्धेची शोभा नव्हे, तो स्पर्धेचा भाग आहे. घड्याळे, पंच आणि पट यांच्याच रांगेत त्याचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या पानावर यावा. उरले तर पाहू, असे त्याचे स्थान नसावे. आणि हा खर्च आपण समजतो तेवढा मोठा नाही. आपल्या स्थानिक स्पर्धांत चषकांची रांग टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लागते. पन्नास चषकांऐवजी चाळीस द्या, आणि उरलेल्या पैशांतून वर्षाला एक-दोन संवेदक पट घ्या. तेही जमत नसेल तर एक पोरगा लॅपटॉप घेऊन बसवा. तो हाताने चाली भरील. लिचेससारख्या ठिकाणी असे प्रक्षेपण मांडायला एक पैसा पडत नाही. मोठ्या वेळेच्या डावात खेळाडूने चाली लिहिणे नियमानेच बंधनकारक असते. डाव संपल्यावर ते कागद गोळा करून त्याच रात्री सर्व डाव लोकांसमोर ठेवता येतील. आज ते कागद बहुधा रद्दीत जातात.

दुसरे, पहिल्या पाच पटांचा हट्ट सोडावा. प्रत्येक फेरीत एक पट खालच्या रांगेतला, शक्यतो एखाद्या मुलीचा किंवा लहान गावातून आलेल्या मुलाचा, दाखवावा. स्पर्धेच्या दारापाशी चार-चार तास उभ्या असलेल्या पालकांचा विचार करा. आत जाण्याची मुभा नाही, आत काय चालले आहे ते कळत नाही. दार उघडले की लेकराच्या चेहऱ्यावरून निकाल वाचायचा. त्यांना बाहेरच्या व्हरांड्यात एक पडदा मिळाला तर तो उपकार नव्हे, प्रवेशशुल्क भरणाऱ्याचा हक्क आहे.

तिसरे, मराठीत बोला. ओपनिंगची नावे इंग्रजी असोत, पण 'आता उंटाने ही वाट अडवली, म्हणून हत्तीला फिरून यावे लागेल' हे सांगायला मराठी पुरेशी समर्थ आहे. आजी-आजोबांना समजेल असे एक समालोचन झाले, तर नातवंडाचा खेळ हा घराचा खेळ होतो.

आणि बोलताना जीभ आवरा. २०२४च्या जानेवारीत वाइक आन झीहून परतल्यावर दिव्या देशमुखने जाहीरपणे लिहिले होते, की आपण चांगले डाव खेळलो, पण प्रेक्षकांचे लक्ष आपले केस, कपडे आणि उच्चार यांवर होते. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. आपल्या मुलींना आपण पडद्यावर आणतो तेव्हा पडद्यासमोरची माणसे कशी वागतात याचीही जबाबदारी संयोजकांवर येते. प्रेक्षक पैसे देतो म्हणून त्याला काहीही लिहिण्याचा परवाना मिळत नाही; अशा प्रतिक्रिया तिथल्या तिथे पुसायला एक माणूस नेमणे हाही प्रक्षेपणाचाच खर्च आहे.

राहिला पैशाचा प्रश्न. या बाबतीत महाराष्ट्राला बाहेरून काही शिकायची गरज नाही. गणेशोत्सवाची वर्गणी आपण पिढ्यान्‌पिढ्या गोळा करत आलो. कोणी अकरा रुपये देतो, कोणी अकराशे. कोपऱ्यावरचा पेढेवाला स्मरणिकेत अर्धे पान घेतो. आणि चांगल्या मंडळात उत्सव संपला की जमाखर्च फळ्यावर लागतो. हीच रीत इथे चालेल. प्रवेशशुल्कातले दहा रुपये प्रक्षेपणासाठी बाजूला, स्मरणिकेऐवजी पडद्याच्या कडेला गावातल्या दुकानांची नावे, पाहणाऱ्यांकडून ऐच्छिक वर्गणी, आणि शासनाच्या क्रीडा खात्याकडून पटांच्या एखाद-दुसऱ्या संचाची मदत, जो जिल्ह्याजिल्ह्यांत फिरता ठेवता येईल. एकाच खांबावर मांडव उभा करू नये. चार खांबांतला एक खचला तरी बाकीचे तो धरून ठेवतात. अट एकच, शेवटी हिशेब फळ्यावर लागला पाहिजे. जिथे हिशेब दिसतो तिथे दुसऱ्या वर्षी वर्गणी मागावी लागत नाही.

चाल सर्वांची आहे, हे न्यायालयांनी मान्य केले. पण जी गोष्ट सर्वांची असते ती राखायचे काम पुष्कळदा कोणाचेच नसते. गावच्या विहिरीचा गाळ काढायची वेळ आली की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघतो. बुद्धिबळाच्या या नव्या विहिरीवर आज पाणी भरपूर आहे. गर्दी आहे, कौतुक आहे, दिव्या आणि विदित यांची नावे घरोघरी आहेत. गाळ काढायची वेळ हीच असते. पाणी आटल्यावर सगळेच फावडे शोधतात. पुढच्या रविवारी आपल्या गावात स्पर्धा असेल तर संयोजकांना एवढेच विचारा: 'डाव कुठे बघायला मिळतील?' उत्तर 'कुठेच नाही' असे आले, तर खिशातून शंभराची नोट काढून, 'मग सुरुवात करा', असे म्हणा. एकाने म्हटले तर ते हसतील. पन्नासांनी म्हटले तर पुढच्या वर्षी पडदा लागेल.